साडेसात हजारांची खुर्ची

वाचकाचं पत्र, थोडक्यात : पुण्यात धायरीत राहणाऱ्या एका इंटिरिअर डिझायनरचं हे पत्र आहे. वय ३६. सहा वर्षं एका फर्ममध्ये नोकरी, आणि गेली चार वर्षं स्वतःची कामं. गेल्या वर्षी सगळी मिळून ११ लाखांच्या आसपास बिलं झाली. घर दोन बेडरूमचं. घरात नवरा, चौथीतला मुलगा आणि सासूबाई. काम चालतं ते डायनिंग टेबलवर. 'मिस्टर आठवड्यातले तीन दिवस हिंजवडीला ऑफिसला जातात, बाकीचे दोन दिवस बेडरूममधून काम करतात,' असं ओघात लिहिलं आहे. क्लायंटचा फोन चालू असताना कुकरची शिट्टी होते, लॅमिनेटचे फोल्डर सोफ्याखाली सारावे लागतात, आणि परवा एका क्लायंटने 'तुमचं ऑफिस कुठे आहे?' म्हणून विचारलं तेव्हा त्या ओशाळल्या. समोर तीन पर्याय आहेत : बाणेरच्या को-वर्किंगमध्ये (अनेकांनी भाड्याने खुर्च्या घेऊन वापरायचं सामायिक ऑफिस) महिना ७,५०० रुपये अधिक जीएसटी भरून एक सीट, नारायण पेठेतल्या जुन्या इमारतीत दोन मैत्रिणींबरोबर (एक सीए, एक भाषांतरकार) १५,००० भाड्याचा आणि ६०,००० डिपॉझिटचा गाळा, किंवा मावसभावाचा सिंहगड रोडवरचा रिकामा वन बीएचके, 'फक्त मेंटेनन्स भर' या बोलीवर. भाडं खर्चात दाखवून कर वाचेल, असं कोणीतरी सांगितलं आहे. नवऱ्याचं म्हणणं, घरी जागा असताना पैसे कशाला घालवायचे. त्या विचारतात, 'ऑफिस नसेल तर मला कोणी गंभीरपणे घेणार नाही असं वाटतं. यातलं सगळ्यात परवडणारं कोणतं?'

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्या वेळी लक्ष त्या तीन पर्यायांकडेच होतं. दुसऱ्या वेळी मात्र तुम्ही सहज लिहून पुढे गेलात त्या वाक्यापाशी थांबले. नवरा आठवड्यातले तीन दिवस हिंजवडीला असतो. म्हणजे ते तीन दिवस बेडरूम रिकामी, तिथलं टेबल रिकामं, आणि त्या खोलीला दार आहे. मग त्या दिवशीही तुम्ही डायनिंग टेबलवरच का असता?

प्रश्न खोचक वाटेल, पण तसा नाही. उत्तराचा थोडा अंदाज मला आहे. बाहेर बसलेल्या बाईला हाक मारता येते. कुरिअर येतं, गॅसवाला येतो, सासूबाईंची दुपारची गोळी असते, साडेतीनला शाळेची बस असते. तुम्ही दार लावून बसलात तर हे कोण बघणार, म्हणून तुम्ही दारच लावत नाही. नवरा आत असतो तेव्हा 'त्याचा कॉल चाललाय' म्हणून टीव्हीचा आवाज आपोआप खाली येतो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. नोकरी करणाऱ्याच्या पाठीशी कंपनीचं वेळापत्रक असतं आणि ते घरादाराला मान्य असतं. तुमचं वेळापत्रक फक्त तुमच्या डोक्यात आहे, घरात ते कोणी पाहिलेलंच नाही.

तेव्हा माझी पहिली शंका अशी : तुम्ही शोधताय ऑफिस, पण तुम्हाला खरे हवेत ते दिवसाचे तीन-चार तास, ज्यात कोणी हाक मारणार नाही. असे तास विकत मिळतात, नाही असं नाही. पण बाणेरला सीट घेतली म्हणून साडेतीनची बस दुसरं कोणी बघायला लागेल, असं धरून चालू नका. ते आधी ठरलं नाही, तर तुम्ही रोज दुपारी दोन-अडीचला बाणेरहून निघाल आणि साडेसात हजारांत दिवसाचे तीन तास बसाल.

नवऱ्याचं 'घरी जागा असताना' हे म्हणणं मी अर्धंच खरं मानते. घरी जागा आहे खरी, पण आत्तापर्यंत ती त्याला आहे. तेव्हा त्याचंच वाक्य त्याला परत करा : 'बरोबर आहे, घरी जागा आहे. तू ऑफिसला जाशील त्या दिवशी अकरा ते तीन ती माझी. दार बंद असेल. आईंना तू सांग.' यातले शेवटचे तीन शब्द सोडू नका. सुनेने सांगितलं की ते गाऱ्हाणं ठरतं, मुलाने सांगितलं की घरचा नियम ठरतो. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. पण तसं आहे. सासूबाईंच्या बाजूने एकच सांगते. दुपारी हॉलमध्ये टीव्ही बघणं ही त्यांची घरातली हक्काची वेळ आहे, आणि सध्या त्यांच्याच हॉलमध्ये तुमचं ऑफिस थाटलेलं आहे. तुम्ही आत गेलात तर कदाचित त्यांनाही हायसं वाटेल.

हा प्रयोग एक महिना करा. पहिल्या आठवड्यात फजिती होईल, दाराशी दहा वेळा कोणीतरी येईल, तरी करा. आणि या महिन्यात एक वही ठेवा. रोज तीन रकाने : टेबलावरचं काम, माणसांना भेटणं, साइट आणि बाजार. किती तास गेले तेवढंच लिहायचं. तुमच्या व्यवसायातल्या लोकांचा दिवस मी जवळून पाहिला आहे. सकाळी साइटवर सुतार वाट बघत असतो, दुपारी भवानी पेठेत टिंबर मार्केटला चक्कर असते नाहीतर टाइल्सची दुकानं, आणि ड्रॉइंगला बसणं होतं ते ऊन उतरल्यावर. माझा अंदाज असा, की महिन्याच्या बावीस कामाच्या दिवसांतले नऊ-दहा दिवसच तुमचे खऱ्या अर्थाने खुर्चीत जातात. वहीने मला खोटं पाडलं तर चांगलंच आहे, कारण पुढचा सगळा हिशोब या एका आकड्यावर उभा आहे.

तो हिशोब करून बघू. ७,५०० वर १८ टक्के जीएसटी लागला की ८,८५० होतात. सेवा देणाऱ्यांना जीएसटीची नोंदणी बंधनकारक होते ती वर्षाला २० लाखांच्या पुढे. तुम्ही ११ लाखांवर आहात. नोंदणी नसेल तर वरच्या १,३५० रुपयांचं क्रेडिट, म्हणजे भरलेला जीएसटी वळता करून घेण्याची सोय, कुठून मिळणार नाही. ते गेले. बावीसही दिवस गेलात तर तुम्हाला एक दिवस ४०२ रुपयांना पडतो. नऊच दिवस गेलात तर ९८३ रुपयांना. आता त्याच जागेचा दिवसाचा पास समजा ४५० रुपयांना असेल, तर करासकट ५३१, आणि नऊ दिवसांचे ४,७७९. म्हणजे महिन्यातले सतरा दिवस तिथे जाणार असाल तरच महिन्याची सीट स्वस्त. सोळा दिवसांपर्यंत सुटे पास स्वस्त. त्यांचा पासचा दर वेगळा असेल तर आकडे बदला, रीत हीच. आणि हो, धायरीहून बाणेरला कामाच्या वेळी जाऊन-येऊन दोन तास सहज जातात. त्यांचं भाडं कोणी कोटेशनमध्ये लिहीत नाही.

'खर्चात दाखवून कर वाचेल' हे तर तुमच्या बाबतीत लागूच होताना दिसत नाही. व्यावसायिकांसाठी अंदाजित उत्पन्नाची जी सोय आहे, जिला सगळे '४४ एडीए' म्हणून ओळखतात, तिच्या यादीत इंटिरिअर डेकोरेशन आहे. तिच्यात एकूण जमेची निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते, आणि उरलेल्या निम्म्यात भाडं, पेट्रोल, लॅपटॉप सगळं आलं असं मानलं जातं. वेगळं भाडं दाखवायला जागाच नाही. शिवाय ११ लाखांचे निम्मे साडेपाच लाख. दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर २०२५-२६ पासूनच्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य येतो. शून्यातून काय वाचवणार? सीए मैत्रिणीकडून एकदा तपासून घ्या, पण कर वाचवायला म्हणून खुर्ची घेऊ नका.

इथे थोडं विषयांतर करते, कारण मला ही गोष्ट आवडते. को-वर्किंगची आजची कल्पना ज्याच्या नावावर मांडली जाते तो ब्रॅड न्यूबर्ग सॅन फ्रान्सिस्कोमधला एक प्रोग्रॅमर. नोकरीतली माणसांची सोबत आणि स्वतंत्र कामाची मोकळीक, दोन्ही त्याला हवी होती. ऑगस्ट २००५ मध्ये त्याने एका महिला केंद्राची जागा घेतली, पण आठवड्यातले दोनच दिवस, सोमवार आणि मंगळवार. घडीची टेबलं मांडायची आणि संध्याकाळी आवरायची. पहिला महिनाभर तिथे कोणी फिरकलं नाही म्हणतात. मुद्दा असा, की ही कल्पना जन्मली तीच मुळी आठवड्याच्या दोन दिवसांची. पुढे तिचा मोठा धंदा झाला. आपल्याकडे को-वर्किंगच्या जागा चालवणाऱ्या कंपन्यांपैकी स्मार्टवर्क्स जुलै २०२५ मध्ये आणि वीवर्क इंडिया ऑक्टोबर २०२५ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. या आकाराच्या कंपन्यांची भिस्त एकगठ्ठा शंभर-दोनशे खुर्च्या घेणाऱ्या कंपन्यांवर असते. एकट्या खुर्चीवाल्यासाठी दर खाली आणण्याची त्यांना गरज नसते. घासाघीस करायची तर जिथे मालक स्वतः काउंटरवर बसलेला असतो अशा लहान जागी करा. 'महिना नको, दहा दिवसांचं पॅकेज दे, दोन महिन्यांत वापरीन' असं सरळ विचारा. निम्म्या खुर्च्या रिकाम्या असलेला मालक हो म्हणतो.

बघायला जाल तेव्हा फेरफटका मारून परत येऊ नका. एक दिवसाचा पास काढून तुमच्या खऱ्या वेळेत, खरं काम घेऊन बसा. सुताराशी मोठ्याने बोलायचा एक फोन तिथून करून बघा, शेजारचे कसे बघतात ते कळेल. तुमचं थ्रीडीचं काम डेस्कटॉपवर होत असेल तर 'हॉट डेस्क' तुमच्या कामाचा नाही. रोज जी खुर्ची रिकामी असेल तिथे बसायचं आणि संध्याकाळी सगळं उचलून न्यायचं, अशी ती व्यवस्था असते. लॅमिनेटचे फोल्डर त्यांच्या लॉकरमध्ये मावत नाहीत, हे मोजूनच बघा. लॉक-इन (म्हणजे मधेच जागा सोडता न येण्याची मुदत) किती महिन्यांचं, नोटिस किती दिवसांची, डिपॉझिट किती दिवसांत परत, शनिवारी एसी चालू असतो का, मीटिंग रूमचे तास महिनाअखेर वाया जातात का, आणि सांगितलेल्या दरात जीएसटी धरलाय का, हे सगळं तोंडी नको. व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्या.

आता त्या क्लायंटकडे येऊ. 'तुमचं ऑफिस कुठे आहे?' हे ऐकल्यावर तुम्हाला ऐकू आलं, 'म्हणजे तुम्ही घरूनच करता का?' मला वेगळं ऐकू येतं. तो माणूस पाच-सात लाखांच्या कामाचा अॅडव्हान्स देणार आहे, आणि त्याच्या ओळखीत कोणाचा तरी इंटिरिअरवाला अर्धं काम टाकून पळालेला आहे. असा किस्सा पुण्यातल्या प्रत्येक सोसायटीत एक तरी असतो. त्याचा खरा प्रश्न आहे, 'उद्या तुम्ही फोन उचलला नाहीत तर मी कुठे येऊ?' काचेची केबिन हे त्याचं उत्तर होत नाही, पळणाऱ्यांनाही केबिन असतात. उत्तर म्हणजे टप्प्याटप्प्याने पैसे घेणारं लेखी कोटेशन, त्यावर तुमचा पूर्ण पत्ता, आणि दोन वर्षांपूर्वी तुम्ही केलेल्या एखाद्या घराची भेट. दोन वर्षं वापरलेल्या किचन ट्रॉल्या अजून सरळ सरकतात, हे त्याने स्वतःच्या हाताने सरकवून बघितलं की तो ऑफिसचं विसरेल. पुढच्या वेळी ओशाळू नका. 'मी घरून काम करते, भेटायला साइटवर किंवा मीटिंग रूमवर येते,' इतकं म्हणायचं आणि थांबायचं. लागेल तेव्हा तासावर मीटिंग रूम घेता येते. महिन्याला तीन-चार भेटींसाठी तेवढं पुरतं.

याच ओघात एक सावधगिरी. लॅमिनेट-हार्डवेअरच्या मोठ्या दुकानांत डिझायनरसाठी टेबल असतं, एसी असतो, चहाही येतो. 'मॅडम, क्लायंटला इथेच घेऊन या' असं तुम्हालाही कोणीतरी म्हटलं असेल. कधीमधी ठीक आहे. पण ते टेबल रोजचं झालं की मग क्लायंटला दुसऱ्या दुकानातलं स्वस्त लॅमिनेट सुचवताना तुमची जीभ अडखळेल. माझ्या मते ती पुण्यातली सगळ्यात महाग फुकट जागा आहे.

पत्त्याच्या कागदपत्रांसाठी म्हणून 'व्हर्च्युअल ऑफिस', म्हणजे बसायला जागा नाही, नुसता पत्ता भाड्याने, घेण्याचा सल्लाही तुम्हाला कोणी देईल. तुम्हाला त्याची गरज नाही. शॉप अॅक्टखाली तुमच्यासारख्या एकट्या व्यावसायिकाने ऑनलाइन सूचना दिली की झालं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते (तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटींना बळी पडू नका). दोन्हीला घरचा पत्ता चालतो. वीजबिलाची भीती घालतात तीही फोल आहे. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय करणाऱ्याला महावितरण घरगुती दरच लावते, अट एवढीच की वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत आणि आदल्या वर्षात ३,६०० युनिटच्या आत असावा.

मावसभावाच्या फ्लॅटबद्दल मी फार लिहीत नाही, कारण मला तो पर्याय आवडलेला नाही. राहत्या घराच्या या सवलती तिथे राहणाऱ्याला आहेत. तुम्ही तिथे राहणार नाही, नुसतं ऑफिस चालवणार. सुतार, सॅम्पलवाले, क्लायंट यांची ये-जा सुरू झाली की सोसायटीचं पत्र येणार. मालक स्वतः राहत नाही म्हणून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क सोसायटी लावू शकते, ते 'फक्त मेंटेनन्स'मध्ये धरलंय का कोणाला माहीत. आणि नात्यातली फुकट जागा सोडायला सांगतात तेव्हा नोटिस देत नाहीत. मावशी तुमच्या आईला फोन करते.

गाळ्याचं मात्र वेगळं आहे. तिघींनी मिळून एक जागा, हे मला मनापासून पटतं. कित्येक वर्षांपूर्वी अप्पा बळवंत चौकाजवळ एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही चौघं अशीच बसायचो. माझी कामाची शिस्त तिथेच लागली. आणि डिपॉझिटवरून आमचं भांडणही तिथेच झालं, त्यामुळे पुढचं जरा अनुभवाचं आहे.

आधी तुमची तिघींची कामं एकमेकींशेजारी ठेवून बघा. भाषांतरकाराला शांतता लागते. तुम्ही दिवसभर सुतार, प्लंबर, पीओपीवाल्याशी फोनवर बोलणार, आणि ते बोलणं हळू आवाजात होत नाही. सीएकडे जुलैच्या रिटर्नच्या दिवसांत आणि सप्टेंबरच्या ऑडिटच्या दिवसांत फायलींचे ढीग आणि माणसांची रांग असेल. सगळ्यात आधी सोडून जाईल ती भाषांतरकार, आणि जाताना तिचं काही चुकलेलं नसेल. म्हणून आत्ताच वेळा वाटून घ्या. तिघींनी एकाच वेळी तिथे असायलाच हवं असं कुठे आहे? सकाळी तुम्ही साइटवर असता, तेव्हा ती जागा तिची. तिला हे मान्य असेल तरच तिघी. नाहीतर दोघींनीच घ्या आणि लहान गाळा बघा.

खर्चाचं. प्रत्येकीचे ५,००० भाडं आणि २०,००० डिपॉझिट, हे दिसतंच आहे. त्यावर व्यापारी दराचं वीजबिल, वाय-फाय, पाण्याचे जार, झाडलोट, आणि पहिल्या महिन्यात टेबल-खुर्च्या-कपाट. भाड्याच्या तिसऱ्या हिश्शावर दीड-दोन हजार धरा. म्हणजे बाणेरच्या सीटपेक्षा तुम्हाला फार स्वस्त पडत नाही. पण सॅम्पल ठेवायला एक भिंत मिळते, आणि ती तुमच्या धंद्यात मोलाची आहे.

लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. 'कशाला खर्च करताय, स्टॅम्प पेपरवर करू' म्हणाला तरी ऐकू नका. खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, म्हणजे तुमच्या अकरा महिन्यांच्या करारावर पाचशेच्या आसपास, आणि शहरात नोंदणी फी १,०००. एजंटचे पैसे वेगळे. करारात तिघींची नावं घाला. एकीच्याच नावावर केलात तर बाकी दोघींना कागदावर काही हक्क राहत नाही. दुसरी अडचण कराची : सीए मैत्रीण जीएसटीत नोंदणीकृत असेल आणि मालक नसेल, तर ऑक्टोबर २०२४ पासून अशा व्यापारी भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने भरायचा असतो. करार कसा बांधायचा, हे तिलाच ठरवू द्या. तिच्या सीए असण्याचा पहिला फायदा तुम्हाला इथेच होईल.

आणि मालकाच्या करारात नसतो असा एक कागद तिघींत करा. साधा, सह्यांचा. मधेच कोणी सोडलं तर किती दिवस आधी सांगायचं, तिचं डिपॉझिट कधी आणि कोणी द्यायचं (आमच्या भांडणाचं मूळ हेच), चौथी कोणी आली तर तिला निवडायचं कोणी, किल्ल्या किती, आणि लॅपटॉप चोरीला गेला तर काय. मैत्रिणींत हे लिहिताना संकोच वाटतो. डिपॉझिटच्या वेळी त्याहून जास्त वाटतो.

नारायण पेठेचं म्हणून थोडं. गाडी कुठे लावणार ते दिवसा अकरा वाजता जाऊन बघा, रविवारी सकाळी बघून फसू नका. गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी तिथे क्लायंटला बोलावू नका.

तुम्ही विचारला नाहीत असा एक चौथा पर्याय आहे, आणि मला विचाराल तर तो आधी बघा. एखाद्या लहान आर्किटेक्टच्या ऑफिसमधलं एक रिकामं टेबल. मधल्या काळात माणसं कमी झालेली, दोन-तीन टेबलं पडून असलेली अशी ऑफिसं शहरात आहेत. तिथे प्लॉटर असतो, ए-थ्री प्रिंटर असतो, सॅम्पलची रॅक असते, आणि सुताराशी मोठ्याने बोललं तरी कोणी वळून बघत नाही. सहा वर्षं फर्ममध्ये होतात म्हणजे ओळखी आहेत. फोन करा. फक्त एक गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट बोला : तुमचे क्लायंट तुमचे, त्यांचे त्यांचे, आणि त्यांनी एखादं काम तुमच्याकडे वळवलं तर पैशांचं कसं. आठवड्यातले दोन किंवा तीन दिवस ठरवा, पूर्ण महिना नको.

तुमच्यासारखी पत्रं मला इतर शहरांतूनही येतात, त्यांच्यासाठी याच पद्धतीने विचार केलेल्या दोन-तीन गोष्टी. ज्यांना फोन करावे लागत नाहीत, लिहिणं-वाचणं-कोडिंग एवढंच आहे, त्यांनी अभ्यासिका बघावी. पुण्यात सदाशिव-नारायण पेठांत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी त्या गल्लोगल्ली आहेत, को-वर्किंगच्या तुलनेत दर फारच कमी, आणि तिथली शांतता आयती मिळते. मात्र आधी विचारा, काही ठिकाणी फक्त विद्यार्थ्यांनाच घेतात. मुंबईत काळा घोड्याच्या डेव्हिड ससून लायब्ररीसारख्या जुन्या ग्रंथालयांत सभासद होऊन वाचनकक्षात बसणारे लेखक-भाषांतरकार आहेत. लहान शहरांत को-वर्किंग नसतं किंवा असून चालत नाही. तिथे खाजगी क्लासच्या खोल्या बघा. क्लास सकाळी आणि संध्याकाळी भरतो. अकरा ते तीन पंखे, बाकं, वीज सगळं तसंच पडून असतं, आणि भाड्याची चिंता क्लासवाल्यालाही असते. कॅफेत बसण्याला माझा विरोध नाही, पण एका कॉफीवर तीन तास बसायचं असेल तर जेवणाची वेळ सोडून जा आणि दोन कॉफ्या घ्या. पुण्यात तर पाटी लावायला कोणी मागेपुढे बघत नाही.

तेव्हा पहिला महिना बेडरूम आणि वही. दुसऱ्या महिन्यात, नऊ-दहा दिवसांचाच आकडा आला तर आर्किटेक्टचं टेबल किंवा सुटे पास. बाणेरचे नव्हे, टिळक रोड-स्वारगेटच्या बाजूचे, तुमच्या टिंबर मार्केटच्या वाटेवरचे. आकडा सतराच्या पुढे गेला आणि सॅम्पल घरात मावेनासे झाले तर गाळा. तो बघायला जाल तेव्हा तिघी मिळून पावसाळ्यात जा, संध्याकाळी सातनंतर जा, जिन्यातला दिवा लागतो का बघा. आणि भाड्याची बोलणी करण्याआधी बाथरूमची किल्ली मागा. जुन्या इमारतींत ती मजल्यावरच्या तिसऱ्याच कोणाकडे तरी असते, आणि तो सहाला शटर ओढून घरी जातो.